प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला पगार कशासाठी?

इंग्लंडमधल्या विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्याची केवढी माहिती असते! तो ग्रंथालयात कधी शिरला, गृहपाठ रात्री किती वाजता चढवला, त्याच्या आईवडिलांपैकी कोणी पदवीधर आहे का, तो कोणत्या पिनकोडच्या वस्तीतून आला, हे सगळं संगणकात नोंदलेलं असतं. तरीही एका साध्या प्रश्नापाशी ही यंत्रणा अडते. सारख्याच गुणांवर प्रवेश मिळवलेल्या दोघांपैकी एक जण तीन वर्षांनी चांगली श्रेणी घेऊन बाहेर पडतो आणि दुसरा पहिल्याच नाताळच्या सुट्टीत घरी जातो तो परत येत नाही. असं का होतं?

कोण मागे पडतं, हे आकडे नेमकं सांगतात. इंग्लंडमध्ये शाळेतलं मोफत जेवण हा गरिबीचा ढोबळ पण सोयीचा निकष मानतात. सरकारी आकडेवारीनुसार 2021-22 मध्ये सरकारी शाळांत असं जेवण घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे 29 टक्के मुलं वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत उच्च शिक्षणात पोचली होती. बाकीच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे 49 टक्के होतं. दाराच्या आत आल्यावरही फरक उरतोच. वरच्या दोन श्रेणींत पदवी मिळवणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रमाणांतलं अंतर गेल्या दशकात बराच काळ 20 टक्केबिंदूंच्या पुढे होतं, आणि प्रवेशाच्या वेळचे गुण सारखे धरले तरी ते पूर्णपणे मिटत नाही. गरीब घरातल्या मुलाने शिकून आईवडिलांपेक्षा वरच्या पायरीवर पोचावं, याला समाजशास्त्रात सामाजिक गतिशीलता म्हणतात. विद्यापीठ हे तिचं मोठं साधन मानलं जातं, पण या साधनाला गळती आहे आणि ती नेमकी कुठे आहे ते आकड्यांवरून उमगत नाही.

ती शोधण्यासाठी अलीकडे तिथल्या अनेक विद्यापीठांनी एक वेगळा मार्ग धरला आहे. मागे पडणाऱ्यांच्याच पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन, तासाप्रमाणे पगार देऊन, त्यांच्याच सहाध्यायांच्या अनुभवांवर संशोधन करायला नेमायचं. अशा विद्यार्थ्याला पिअर रिसर्चर म्हणतात. आपण विद्यार्थी-संशोधक म्हणू. हा पगार म्हणजे विद्यार्थ्यावर केलेला उपकार, असं अनेकांना वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. तो संशोधनाच्या पद्धतीचाच भाग आहे, आणि तो काढून घेतला तर हाती येणारी माहितीच बदलते.

पाहणीतून निसटणारी माणसं

ब्रिटनमध्ये 2005 पासून दरवर्षी राष्ट्रीय विद्यार्थी पाहणी होते. शिकवणं कसं आहे, मार्गदर्शन मिळतं का, असे प्रश्न तीत असतात. पण ही पाहणी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची. जो पहिल्या वर्षीच शिक्षण सोडून गेला, त्याला कोणी विचारतच नाही. म्हणजे गळती समजून घ्यायला आपण टिकलेल्यांनाच प्रश्न विचारतो. शिवाय एखाद्या अभ्यासक्रमाचे निकाल प्रसिद्ध व्हायला निम्म्या विद्यार्थ्यांची उत्तरं पुरतात. उरलेले निम्मे कोण, हा प्रश्न तसाच राहतो. वर्ग सुटल्याबरोबर दुकानातल्या कामावर धावणारा विद्यार्थी प्रश्नावली उघडून बसण्याची शक्यता कमीच.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. उत्तर प्रश्नावर अवलंबून असतं तसंच ते विचारणाऱ्यावरही असतं. अमेरिकेत मेंफिस शहरात 1942 मध्ये झालेल्या एका पाहणीत कृष्णवर्णीय नागरिकांना तेच प्रश्न काही ठिकाणी गोऱ्या आणि काही ठिकाणी कृष्णवर्णीय प्रश्नकर्त्यांनी विचारले, आणि उत्तरांत ठळक फरक पडला. त्यानंतर मुलाखतकाराचा प्रभाव हा पाहणीशास्त्राचा नेहमीचा विषय झाला. यात लोक खोटं बोलतात असं समजायचं कारण नाही. समोरच्याला काय पचेल आणि आपल्याला काय महागात पडेल, याचा अंदाज घेऊन माणूस बोलतो, इतकंच.

घरात नव्याने आलेल्या सुनेला सासूबाईंनी विचारलं, ‘करमतं ना गं?’, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘हो, छान आहे सगळं.’ तेच दोन वर्षांपूर्वी त्याच घरात आलेल्या मोठ्या जावेने ओटा आवरता आवरता विचारलं की सकाळच्या पाण्याच्या वेळेपासून मामंजींच्या चहापर्यंत सगळं बाहेर येतं. जाऊ सासूपेक्षा हुशार असते असं नाही. पण या घरात कोणते नियम कोणीच सांगत नाही, हे तिला ठाऊक असतं, आणि तिच्यापाशी बोललेलं अंगाशी येणार नाही असा भरवसा असतो.

विद्यापीठातही असे न सांगितलेले नियम असतात. शिक्षणशास्त्रात त्यांना छुपा अभ्यासक्रम म्हणतात. प्राध्यापकांचे ‘ऑफिस अवर्स’ हे त्याचं नामी उदाहरण. समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी ‘द प्रिव्हिलेज्ड पूअर’ या 2019 मधल्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठातल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला आहे. प्राध्यापक या तासांची वेळ आणि जागा सांगतात, पण ते तास कशासाठी असतात हे क्वचितच सांगतात, याकडे ते लक्ष वेधतात. शिकलेल्या घरातल्या मुलाला माहीत असतं की तिथे जाऊन नुसत्या गप्पाही मारता येतात, शिफारसपत्राची ओळख तिथेच होते. पहिल्या पिढीतल्या मुलाला वाटतं, ही प्राध्यापकांची कामाची वेळ, तेव्हा त्रास द्यायचा नाही. आता याच विद्यार्थ्याला पाहणीत विचारा, ‘प्राध्यापक उपलब्ध असतात का?’ तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल. तक्ता हिरवा होईल आणि अडचण तिथेच राहील.

काम चालतं कसं

पहिली पायरी निवडीची. इथेच बरेच प्रकल्प घसरतात. लांबलचक अर्ज, संशोधनाचा पूर्वानुभव, दोन शिफारसपत्रं मागितली की तेच ते चुणचुणीत, प्रत्येक समितीवर असणारे विद्यार्थी येतात. म्हणून अर्ज आखूड ठेवावा लागतो, आणि ‘तुला या विषयाबद्दल अनुभवाने काय माहीत आहे’ असा प्रश्न त्यात असावा लागतो.

मग प्रशिक्षण. संमती कशी घ्यायची, नावं कशी झाकायची, उत्तर सुचवणारा प्रश्न कसा ओळखायचा, मुलाखतीत कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर कोणाला कळवायचं, हे शिकवलं जातं. ही प्राध्यापकांच्या संशोधनालाही लागू असणारी नीतिनियमांचीच चौकट. विद्यार्थी आहे म्हणून तीत सूट मिळत नाही.

खरी गंमत प्रश्न घडवण्याच्या बैठकीत असते. समजा, विद्यापीठाच्या कार्यालयाने प्रश्न सुचवला: ‘तुम्हाला इथे आपलेपणा वाटतो का?’ रोज घरून ये-जा करणारी एखादी विद्यार्थी-संशोधक तो खोडेल आणि लिहील: ‘मागच्या मंगळवारी दोन वर्गांच्या मधल्या वेळात तू कुठे बसला होतास? जेवलास का?’ पहिल्या प्रश्नाला मत मिळतं, दुसऱ्याला हकिगत. सकाळी नऊचा वर्ग, पुढचा थेट चारला, मधे बसायला जागा नाही, डबा गरम करायला मायक्रोवेव्ह नाही, म्हणून चारचा वर्ग बुडवून घरी गेलो, असं उत्तर आलं तर गळतीची एक जागा सापडली. हा प्रश्न चार-दोघांपुरता नाही. सटन ट्रस्ट या संस्थेच्या 2018 मधल्या अहवालानुसार सगळ्यांत खालच्या सामाजिक स्तरातले विद्यार्थी वरच्या स्तरातल्यांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात घरी राहून विद्यापीठात जातात. ज्याने वेळापत्रक आखलं तो मात्र बहुधा वसतिगृहात राहून शिकलेला असतो.

मुलाखती झाल्या की त्यांचा शब्द न् शब्द उतरवून काढतात आणि मग वर्गवारी सुरू होते. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक छोटी खूण लिहायची: ‘बसभाडं’, ‘लाज’, ‘घरचं काम’, ‘कोणाला विचारू’. शेकडो खुणा झाल्या की त्यांतल्या जवळच्या एकत्र आणायच्या आणि वारंवार येणारी सूत्रं शोधायची. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 मध्ये ही पद्धत नीट पायऱ्या पाडून मांडली. आज ती सर्रास वापरली जाते. दोन जणांनी एकाच मुलाखतीवर स्वतंत्रपणे खुणा करून मग ताडून पाहणं हा चांगला रिवाज आहे. एकाने ‘आळस’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘रात्रपाळी’, तर वाद होतो, आणि त्या वादातूनच कधी कधी सगळ्यांत उपयोगाची गोष्ट निघते.

अशा कामाला बरीच पूर्वपीठिका आहे. एक्सिटर विद्यापीठाने 2008 मध्येच विद्यार्थ्यांना बदलाचे वाहक मानणारा उपक्रम सुरू केला होता. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर महाविद्यालयात विद्यार्थी पगारी सल्लागार म्हणून प्राध्यापकांच्या वर्गात बसून निरीक्षणं नोंदवतात. किंग्स्टन विद्यापीठ अभ्यासक्रम सर्वांना सामावून घेणारा आहे का, हे तपासायला विद्यार्थ्यांनाच पैसे देऊन सल्लागार नेमतं. यामागच्या विचाराचा एक धागा मुंबईतही आहे. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ‘पुकार’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. वस्त्यांमधल्या तरुणांनी स्वतःच्याच परिसराचा पद्धतशीर अभ्यास करावा, अशी तिची युवा फेलोशिप आहे. अप्पादुराईंनी 2006 मध्ये संशोधन हा नागरिकाचा हक्क आहे अशी मांडणी केली. आपल्या जगण्याबद्दल शिस्तीत प्रश्न विचारण्याचं सामर्थ्य पदवीधरांचीच मिरास का असावी, हा तिचा गाभा.

पैसा पद्धतीत शिरतो तो असा

आता मूळ मुद्दा. हे काम विनामोबदला ठेवलं तर काय होईल? ब्रिटनमधल्या 2025 च्या विद्यार्थी अनुभव सर्वेक्षणात 68 टक्के विद्यार्थी सत्र चालू असताना नोकरी करत असल्याचं आढळलं. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला किमान समाधानकारक जगायला वर्षाला 18,632 पौंड लागतात, असा हिशोब 2024 मध्ये उच्च शिक्षण धोरण संस्थेसाठी लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला. त्या वेळी इंग्लंडमधल्या अशा विद्यार्थ्याला मिळू शकणारं निर्वाहकर्ज जास्तीत जास्त 10,227 पौंड होतं. उरलेले 8,405 पौंड घरून येतात किंवा अंगमेहनतीने. ज्याला ते कमवावे लागतात, त्याच्या लेखी फुकट काम म्हणजे तेवढ्या तासांचा बुडालेला रोज. तो साहजिकच येणार नाही. येईल तो, ज्याचं घरचं भागतं. म्हणजे गरीब विद्यार्थ्यांच्या अडचणींवरचं संशोधन सुस्थितीतले विद्यार्थी करतील आणि समोर पुन्हा सासूबाईच बसतील. नमुनानिवड चुकली की पुढचं विश्लेषण कितीही काटेकोर केलं तरी व्यर्थ. विनामोबदला काम ही नमुनानिवडीतली चूक आहे, फक्त ती प्रश्नावलीत दिसत नाही, जमाखर्चात दिसते.

पगाराचा दुसरा परिणाम कामाच्या दर्जावर होतो. स्वयंसेवकाला ‘ही मुलाखत पुन्हा उतरवून काढ’ म्हणायला संकोच वाटतो. पगारी माणसाला म्हणता येतं. त्यालाही ‘मला पुरेसं शिकवलं नाही’ असं ठणकावता येतं. तिसरा परिणाम पुढचा आहे. बायोडेटात ‘संशोधन सहायक’ अशी नोंद पडते, आणि ओळखीपाळखी नसलेल्या पदवीधराला पहिल्या नोकरीसाठी तिचा उपयोग होतो. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला आणि शिक्षणाला एकत्र बांधलं, आणि ‘कमवा आणि शिका’ योजना आजही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत चालते. तिथे विद्यार्थी संस्थेचं काम करून शिकतो. इथे संस्था हाच त्याच्या कामाचा विषय असतो.

> चौकट: तासाचे किती?
> ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून 21 वर्षं आणि त्यावरच्या कामगारासाठी कायदेशीर किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं, तर 18 ते 20 वयासाठी फक्त 10 पौंड. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या गटात मोडतात. म्हणून वयाचा भेद न करणारा, ‘लिव्हिंग वेज फाउंडेशन’चा ऐच्छिक दर काही संस्था पाळतात, ऑक्टोबर 2025 मध्ये तो लंडनबाहेर 13.45 आणि लंडनमध्ये 14.80 पौंड जाहीर झाला. दराइतकंच महत्त्व पैसे कधी हाती पडतात याला असतं. सत्राच्या शेवटी मिळणारं भेटकुपन घरभाड्याला चालत नाही. प्रशिक्षणाचे आणि बैठकांचे तास मोजले नाहीत तर जाहीर केलेला दर कागदावरच राहतो.

आक्षेप, आणि ते किती खरे

पहिला आक्षेप असा की पगार घेणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या मनाजोगतं लिहील. भीती अनाठायी नाही. पण मग विद्यापीठाचा पगार घेणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यापीठावर केलेल्या संशोधनाचं काय करायचं? मिंधेपणा पगारातून येतो त्यापेक्षा पगार कशावर अवलंबून आहे यातून येतो. तासांचे पैसे निष्कर्ष काहीही निघाले तरी मिळणार, अहवालातली वाक्यं बदलण्याचा अधिकार कार्यालयाला नाही, आणि काम सांगणारा माणूस विद्यार्थ्याचे पेपर तपासणारा नाही, या तीन गोष्टी लेखी असल्या की धोका बराच कमी होतो. यातली तिसरी सगळ्यांत दुर्लक्षित असते.

दुसरा आक्षेप पूर्वग्रहाचा. जो त्याच खस्ता खातो, त्याला समोरच्यात आपलीच कहाणी दिसणार. खरंच आहे, जाऊबाईंनाही स्वतःची गाऱ्हाणी असतात. मात्र बाहेरच्या संशोधकाला पूर्वग्रह नसतात असं नाही, ते मान्यताप्राप्त असतात म्हणून खटकत नाहीत एवढंच. दुहेरी वर्गवारी, वेगळ्या पार्श्वभूमीच्या दोघांची जोडी आणि आपल्या अपेक्षेविरुद्ध जाणारी उदाहरणं मुद्दाम शोधण्याची सवय, हे उपाय दोघांनाही सारखेच लागू पडतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि त्याची चर्चा कमी होते. मुलाखत देणारा आणि घेणारा उद्या एकाच वर्गात, कदाचित एकाच स्वयंपाकघरात भेटणार असतात. सांगितलेली गोष्ट बाहेर फुटण्याची भीती प्राध्यापकापुढे असते त्याहून वेगळी, पण असतेच. आणि ऐकणाऱ्यावरही भार पडतो. वर्णद्वेषाचे, उपासमारीचे आठ-दहा अनुभव ओळीने ऐकणं, तेही स्वतः तेच भोगलेलं असताना, सोपं नसतं. त्यामुळे आपल्याच विभागातल्या विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची नाही, प्रत्येक मुलाखतीनंतर पगारी वेळेतच कोणापाशी तरी मन मोकळं करता आलं पाहिजे, आणि नको वाटलं तर कारण न सांगता थांबता आलं पाहिजे, ही व्यवस्था आधीच करावी लागते. ती नसेल तर असा प्रकल्प सुरूच करू नये.

चौथा आक्षेप व्यवहारी: हेच पैसे थेट गरजू विद्यार्थ्यांना का देऊ नयेत? हिशोब करून पाहू. सहा विद्यार्थी, प्रत्येकी 80 तास, तासाला 13.45 पौंड, म्हणजे 6,456 पौंड. देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याचा खर्च वेगळा. दोन हजार गरजू विद्यार्थ्यांत ही रक्कम वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन पौंडही येत नाहीत. 2025-26 मध्ये इंग्लंडमधल्या एका स्थानिक विद्यार्थ्याचं वार्षिक शुल्क 9,535 पौंडांपर्यंत होतं. पहिल्या वर्षानंतर सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्यामागे उरलेल्या दोन वर्षांचं, म्हणजे 19,070 पौंडांचं शुल्क बुडतं. संशोधनामुळे एक जण जरी टिकला तरी पगाराचे पैसे वसूल. अर्थात, तो संशोधनामुळेच टिकला हे दाखवणं ही वेगळीच अवघड गोष्ट.

अहवालानंतर

या अवघड गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. 2017 च्या कायद्याने स्थापन झालेलं आणि 2018 पासून काम करणारं ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ हे इंग्लंडमधलं नियामक मंडळ मूल्यमापनाच्या पुराव्याच्या तीन पातळ्या मानतं: उपक्रम का चालावा याची तर्कशुद्ध मांडणी, अपेक्षित बदल दिसल्याची नोंद, आणि बदल त्या उपक्रमामुळेच झाला याचा पुरावा. विद्यार्थी-संशोधकांचं काम बहुतेक वेळा पहिल्या पातळीला बळ देतं, कधी दुसरीला. तिसऱ्या पातळीसाठी तुलनेचा गट लागतो, मोठी संख्या लागते. तेव्हा पगारी विद्यार्थी-संशोधक नेमले म्हणून दरी कमी झाली, असा दावा कोणी करत असेल तर तो तपासून घ्यावा. हे निदानाचं साधन आहे. औषध पुढे द्यायचं असतं.

ते द्यायला भाग पाडणारी एक यंत्रणा तिथे आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शुल्क घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला, वंचित गटांच्या प्रवेशासाठी आणि यशासाठी आपण काय करणार, याचा आराखडा या मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. 2023 मध्ये मंडळाने संधीच्या समानतेला असलेल्या 12 धोक्यांची सूची प्रसिद्ध केली. अपुरा शैक्षणिक आधार, मानसिक आरोग्य, खर्चाचा ताण यांचा तीत समावेश आहे. आपल्याकडे यांतले कोणते धोके आहेत, हे विद्यापीठाने सांगायचं असतं, आणि आराखड्यावर विद्यार्थ्यांना स्वतंत्र निवेदनही देता येतं. विद्यार्थी-संशोधकांचा अहवाल या दोन ठिकाणी जोडला गेला तर तो कपाटात पडून राहणं अवघड होतं. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि तारीख लिहिणं, ‘हे करणार नाही’ असं ठरलं तर त्याचं कारण छापणं, आणि ज्या समितीत निर्णय होतो तिथे विद्यार्थी-संशोधकाला बसवून त्या तासांचेही पैसे देणं, इतकं केलं की पुरतं. खर्च नगण्य, पण अनेक ठिकाणी गाडी इथेच अडते, कारण आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर विद्यापीठाला फक्त ऐकायचं असतं आणि या पायरीवर वेळापत्रक बदलावं लागतं.

एक गट तरीही या आराखड्याच्या बाहेरच राहतो. हा आराखडा प्रामुख्याने ब्रिटनमधल्या रहिवासी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी असतो. कर्ज काढून वर्षभराच्या एमएस्सीला गेलेली पुण्या-नाशिकची मुलगी घराण्यातली पहिली पदवीधर असली तरी या मोजणीत येत नाही. तिच्या व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. तिला विद्यार्थी-संशोधक म्हणून नेमलं, तर त्या मुलाखतींचे तासही याच वीस तासांत मोजले जातात.